तेव्हा प्रचार होता

९ नोव्हेंबर, निपाणी

"राजेश्वरी, इतिहास घडतोय. लिहून ठेव," असं साहेब काल सगळ्यांसमोर म्हणाले. पोरं हसली. मी मात्र आज खरंच लिहायला बसले आहे.

साहेब म्हणजे रायगोंडासाहेब. लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे आहेत. माझा नवरा परसू त्यांच्या युवक मंचाचा प्रमुख. मी एरवी लग्नात, गणपतीत, शाळांच्या गॅदरिंगला निवेदन करते. मराठी आणि कन्नड दोन्ही तोंडात बसलेलं आहे, त्यामुळे प्रचाराच्या रिक्षातला माइक माझ्याकडे आला.

वाक्यं साहेबांनी स्वतः सांगितली. "आक्कांनो, मावश्यांनो, दिल्लीतलं सरकार दोन-चार जागांवर टिकून आहे. त्यांना आणखी एक जागा दिलीत तर ते युद्ध पेटवणार. त्यांना दिलेलं मत म्हणजे तुमच्याच लेकराच्या छातीत गोळी." माझा धाकटा भाऊ सौरव सैन्यात आहे, सध्या सीमेवर. ते वाक्य म्हणताना माझा आवाज आपोआप कापतो. साहेबांना तेच आवडलं.

आज सदलग्यात बाजारपेठेत शिरलो आणि दगड यायला लागले. विरोधकांचीच पोरं. पहिला दगड रिक्षाच्या काचेवर, दुसरा ड्रायव्हर कुमारच्या कपाळावर. भुवई फाटून कातडी डोळ्यावर लोंबायला लागली. त्याचं रक्त माझ्या पदरावर, माइकवर, सगळीकडे. मी थांबले नाही. ओरडतच राहिले, "लेकरं वाचवा, युद्ध थांबवा." परसू पोरं घेऊन आला आणि मग त्या लोकांना पळता भुई थोडी झाली. एकाला गटारीत पाडून सगळ्यांनी तुडवलं. तो हलत नव्हता तेव्हा कुठं आम्ही निघालो.

साहेबांचा फोन आला. "रक्ताच्या माइकवरून शांततेचं बोललीस, बाई. हे मी विसरणार नाही." मला रडूच आलं.

१२ नोव्हेंबर

आज निपाणीच्या मैदानात आप्पांना स्टेजवर बसवलं. माझे वडील, लगमाप्पा. बेळगावला वडगावात त्यांचे घरातच यंत्रमाग आहेत, साड्या विणतात. आयुष्यात कधी कुठल्या सभेला गेलेले नाहीत. परसूनं साहेबांच्या कानावर घातलं की जवानाचा बाप आपल्या घरचाच आहे, आणि साहेबांनी लगेच गाडी पाठवली. आणायला मीच गेले.

आई आली नाही. गाडीच्या दारापर्यंत येऊन म्हणाली, "राजी, माझ्या पोराचं नाव त्या कर्ण्यावर घिऊ नगंस." आई जुन्या वळणाची आहे. तिला यातलं कळत नाही.

साहेबांनी भाषण मध्येच थांबवलं आणि आप्पांना हात धरून पुढे आणलं. "हा बाप बघा. ह्याचं एकुलतं एक पोरगं सीमेवर उभं आहे. उद्या युद्ध पेटलं तर मंत्र्याचं पोरगं जाणार नाही, ह्याचं जाणार." मग सगळ्या मैदानासमोर ते वाकले आणि दोन्ही हात आप्पांच्या पायांवर ठेवले. "आप्पा, तुमच्या पायाची शपथ. हा रायगोंडा दिल्लीत असेपर्यंत युद्ध होऊ देणार नाही."

बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. आप्पाही रडले. परत जाताना गाडीत म्हणाले, "मोठा माणूस गं, राजी. माझ्या पायाला हात लावलं त्येनं. पायाला सुताची धूळ तशीच हुती."

१५ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू की नको असं वाटत होतं.

तंबाखूच्या बाजारात रिक्षा लावली होती. तिथं भावकू म्हणून एक सैन्यातले निवृत्त हवालदार आहेत. पांढऱ्या मिशा, ताठ चाल. ते पुढे आले आणि म्हणाले, "बाई, युद्ध करायचं का न्हाय ह्ये खासदार ठरवतोय व्हय? मी लढाई बघून आलोय. सीमेवर जरा खुट्ट झालं की ह्योच तुझा सायेब तलवार काढून नाचंल. बायकास्नी भ्या दावून मतं मागू नगासा."

लोक हसले. हसायला नको होतं.

पोरांनी झेंडे काठ्यांवरून ओढून काढले, नीट घडी करून रिक्षाच्या सीटवर माझ्याशेजारी ठेवले आणि मग काठ्या घेऊन गेले. पहिला फटका परसूचाच, खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वाळकी तुरकाठी गुडघ्यावर मोडावी तसा असतो. म्हातारा खाली बसला तरी ओरडला नाही. मग तोंडावर लाथा बसल्या तेव्हा ओरडला.

परसू माझ्याकडे वळून म्हणाला, "बघतीस काय? आवाज वाढीव." मी वाढवला. "शांततेला मत द्या, शांततेला मत द्या."

वाईट वाटलं. पण भर बाजारात असं बोलायचं कशाला? सौरवसारखी पोरं वाचवायची तर कुठंतरी कडक व्हावंच लागतं, असं परसू म्हणतो. त्याचा शर्ट घासून घासून माझी बोटं सोलली.

२३ नोव्हेंबर

जिंकलो!

गुलालानं रस्ता दिसत नव्हता. साहेबांनी मला जीपवर चढवलं. "हा विजय शांततेचा आहे" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं देव जाणे.

मिरवणूक सदलग्यात पोचली तेव्हा पोरांनी विरोधकांचं कार्यालय पेटवलं. पत्र्याचं शेड, आत खुर्च्या नि कापडी फलक, भसकन पेट घेतला. आत राखणदार झोपला होता हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो खिडकीचे गज धरून ओढत होता. गज तापलेले. त्याला बाहेर काढलं तेव्हा तळव्यांची सालं गजांनाच चिकटून राहिली होती. परसूच्याही भुवया जळाल्या. घरी आरशात बघून तो बराच वेळ हसत होता. मीही हसले, पण तो करपट वास काही नाकातून जाईना. अंघोळ केली तरी नाही.

५ डिसेंबर

साहेबांनी सरकारला पाठिंबा दिला. ज्यांच्याविरुद्ध लढलो त्यांनाच. आणि राज्यमंत्री झाले. टीव्हीवर शपथ घेताना फार रुबाबदार दिसत होते.

मला आधी काही सुधरेना. परसूला विचारलं तर म्हणाला, "आत बसल्याबिगर युद्ध थांबवायचं कसं? भाईर बसून वराडून काय हुतंय?" पटलं. दारात उभं राहून भांडणाऱ्यापेक्षा घरात शिरून समजूत घालणारा माणूस बरा.

आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "शपथ घेतलाय त्येनं. माणूस शपथ मोडत न्हाय." माग चालू होता. पुढचं ऐकू आलं नाही.

१८ डिसेंबर

सीमेवर आपल्या चौकीवर हल्ला झाला. जवान गेले. किती, ते दर तासाला वेगळं सांगताहेत.

सौरवचा फोन लागत नाही. आई दिवसभर देवापुढून उठली नाही. आप्पांनी माग बंद ठेवला.

१९ डिसेंबर

सौरव जिवंत आहे! त्याच्या तुकडीतल्या एकानं निरोप दिला. तो दुसऱ्या चौकीवर होता.

साहेबांनी दिल्लीहून नवी वाक्यं पाठवली. निपाणीत संकल्प सभा आहे, तिच्या प्रचाराच्या रिक्षासाठी. "आता बोलणी नाहीत, आता फक्त बदला. प्रत्येक आईनं एक लेकरू देशाला द्यावं. जो युद्धाला घाबरतो तो शत्रूचा हस्तक."

लेकरू या शब्दाशी माझा आवाज पुन्हा कापला. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "ह्यो टेक झ्याक आलाय."

मी धीर करून साहेबांना फोन केला. म्हटलं, "साहेब, मागच्या वेळी आपण म्हणालो होतो की युद्ध होऊ देणार नाही. लोक विचारतील." ते हसले. रागावले नाहीत. म्हणाले, "अगं बाई, तेव्हा प्रचार होता. आता देश आहे."

बरोबरच आहे. निवडणूक वेगळी नि देश वेगळा. हे मला आधीच कळायला हवं होतं.

२१ डिसेंबर

गावात सगळीकडे पोरं फिरताहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी आहे. बिचारा एवढंच म्हणाला, "आदी खरं काय झालंय ते तरी कळू दे." पोरांनी त्याची बोटं शटरखाली ठेवून शटर ओढलं. मी भाजी घेऊन येत होते. तो आईला हाका मारत होता, एवढा मोठा माणूस.

परसू जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, "तो आता शिवणार कसा?"

"त्येचं त्येनं बघावं. वाढ."

वाढलं.

२४ डिसेंबर, बेळगाव, दवाखाना

काल आप्पांना मारलं.

मी सगळं लिहिणार आहे, क्रमानं.

सभा दुपारची होती. मैदान खच्चून भरलेलं. साहेब हातात नंगी तलवार घेऊन स्टेजवर आले, फुलं उधळली गेली. मी माइकवर होते. साहेबांनी भाषण सुरू केलं, "मी माझ्या या भागाचं रक्त ओळखतो. इथला प्रत्येक बाप आज म्हणतोय की घ्या माझं पोरगं!"

आणि पुढच्या रांगांतून आवाज आला, "मी न्हाय म्हणत."

तो आवाज मला लाखात ओळखू आला असता. आप्पा उभे होते. धोतर, कोट, डोक्याला टोपी. आईला न सांगता बसनं आले होते. हात जोडून म्हणाले, "सायेब, मी लगमाप्पा, वडगावचा. तुमी माझ्या पायावर हात ठिवून सांगितलासा, युद्ध हू देणार न्हाय म्हणून. ह्याच मैदानात. माझं पोरगं तितं हाय. मी काय भांडायला आलो न्हाय. तुमी इसरलासा का, एवढंच इचारतो."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला नक्की ठाऊक आहे, त्यांनी ओळखलं. मग ते माइकमध्ये म्हणाले, "ही माणसं कोण पाठवतं ते आम्हाला माहीत आहे."

तेवढंच म्हणाले. मारा असं म्हणाले नाहीत.

पोरं चहूकडून आली. पहिल्या फटक्यात टोपी उडाली. आप्पांनी हात डोक्यावर घेतले तर हातांवर मारलं. ते खाली पडले तेव्हा गर्दी त्यांच्यावर मिटली आणि मला फक्त काठ्या वर-खाली होताना दिसत होत्या. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, घोषणा."

मी घोषणा दिली.

एक दिली. हजारो लोकांनी हात वर करून उत्तर दिलं. दुसरीसाठी तोंड उघडलं आणि "आप्पा" एवढंच बाहेर आलं. माइकवर. सगळ्या कर्ण्यांतून. सगळ्या मैदानानं ऐकलं. काठ्या तरी थांबल्या नाहीत.

मी स्टेजवरून उडी मारली. घोटा मुरगळला, तशीच घुसले. माणसांना चावले, ओरबाडले. आप्पांजवळ पोचले तेव्हा त्यांचा जबडा एका बाजूला सरकला होता, एक कान चामडीला लोंबत होता, आणि एक काठी अजून त्यांच्या बरगड्यांवर पडत होती. ती परसूच्या हातात होती.

त्यानं मला पाहिलं. काठी खाली केली. आजूबाजूच्या पोरांकडे बघितलं आणि पुन्हा एक मारली. हळू. मग निघून गेला.

कुमार ड्रायव्हरनं रिक्षातून आम्हाला आणलं. वाटेत आप्पांच्या तोंडातून दात नि रक्त माझ्या ओंजळीत येत होतं आणि मला ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

२५ डिसेंबर

परसू दवाखान्यात आला. आई आत होती. मी त्याला दारातच अडवलं.

तो खाली बघून म्हणाला, "मी न्हाय मारलो असतो तर पोरं मलाच फाडली असती. सासऱ्याला सोडलो म्हटली असती. राजी, मी हळू मारलो. तुझ्या गळ्याची शपथ, हळूच मारलो."

माझ्या पायात चप्पल होती. ती काढून त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. ओठ फुटला. त्यानं माझा हात पकडून पिरगळला, इतका की मी गुडघ्यावर आले, आणि म्हणाला, "लई झालं. घरला चल, मग बघतो." नर्स ओरडली म्हणून सोडलं.

मी घरी गेले नाही. जाणार नाही.

२७ डिसेंबर

आप्पा शुद्धीवर नाहीत. नळ्या लावल्या आहेत. आई त्यांचे पाय चेपत बसते. ती माझ्याशी बोलत नाही. "कर्ण्यावर नाव घिऊ नगंस म्हटलो हुतो," एवढंच एकदा म्हणाली, तेही भिंतीकडे बघून.

दुपारी साहेब आले. कॅमेरे, पोलीस, हार. परसू मागे फळांची पिशवी धरून उभा, ओठाला पट्टी. साहेबांनी आप्पांच्या कपाळावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "एका जवानाच्या बापावर विरोधकांच्या गुंडांनी हात टाकला. हे देशद्रोही आहेत. यांना सोडणार नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक होते आहे. ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. "ही त्यांची लेक. बोल बाई, देशाला सांग."

माइक माझ्या तोंडाशी आला. मी म्हणाले, "माझ्या वडलांना विरोधकांनी मारलं नाही. तुमच्या पोरांनी मारलं, तुमच्या डोळ्यांदेखत. फळांची पिशवी घेऊन उभा आहे तो माझा नवरा. त्यानंही मारलं."

कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली केला, जणू वीजच गेली. साहेब माझ्या डोक्यावर हात फिरवून म्हणाले, "धक्का बसलाय पोरीला," आणि बाहेर पडले. त्यांची पाठ वळल्यावर परसूनं माझे केस धरून मला पलंगाच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. दोनदा आपटलं की जास्त, ते मला सांगता येणार नाही. आईनं सलाईनचा स्टँड उचलून त्याच्या पाठीत घातला तेव्हा सुटले. म्हातारी स्टँड दोन्ही हातांत धरून त्याच्यापुढे उभी राहिली. "ये. आता मला मार."

तो गेला. माझ्या कपाळाला टाके पडले. मग आईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जवळ घेतलं.

बातम्यांत साहेबांचं पहिलं वाक्य दाखवलं. माझं नाही.

३० डिसेंबर

आप्पा गेले. पहाटे.

सौरवला रजा नाही. सगळ्या रजा बंद आहेत. त्याच्या अधिकाऱ्यांनी फोनवर निरोप ऐकून घेतला, पोचवतो म्हणाले.

३१ डिसेंबर, वडगाव

शवविच्छेदन होऊन आप्पांना घरी आणलं. गल्लीतले सगळे माग बंद होते. जन्मापासून मी या गल्लीत खटखट ऐकली आहे. ती नसली की कानात दडे बसल्यासारखं होतं.

अंघोळ घालून आप्पांना तिरडीवर ठेवत होतो तेव्हा पुढच्या रस्त्याला ट्रक येऊन थांबला. फुलांनी मढवलेला, कर्णे लावलेला, दोन्ही बाजूंना आप्पांचा फोटो. प्रचारातलाच फोटो, साहेबांनी पाय धरल्याचा. खाली लिहिलेलं, "हुतात्मा लगमाप्पा यांना मानवंदना." पोरं उतरली, सगळ्यांपुढे परसू. म्हणाला, "मंत्रीसायेबांचा हुकूम हाय. मयत निपाणीला न्यायाचं. मोठी यात्रा हाय. समदी माणसं थांबल्यात."

शेजारच्या जयाबाई म्हणाल्या, "मारलासा बी तुमीच आन मिरवणारबी तुमीच व्हय?"

परसूनं त्यांना ढकललं. त्या पायरीवर पडल्या, आणि मग गल्ली उठली. विणकर माणसं, आयुष्यात कुणावर हात न उगारलेली. कुणी मागाचं लाकूड घेतलं, कुणी मागावर सूत नेणारा पोलादी टोकाचा धोटा, कुणी जळतं सरपण. पोरांकडे काठ्या आणि सायकलच्या चेन. अरुंद गल्ली, पळायला जागा नाही. एका पोराच्या गालात धोट्याचं टोक शिरलेलं मी पाहिलं. आमच्या समोरच्या घरातल्या काकांची मनगटं चेननं फाटली. दोघे-तिघे तिरडीपर्यंत पोचले आणि आप्पांचे पाय धरून ओढायला लागले. इकडून आम्ही खांदे धरलेले, तिकडून ते पाय ओढताहेत. पांढरं कापड फाटलं. मेलेल्या माणसाला असं ओढताना त्याचं डोकं हलतं, नको नको म्हटल्यासारखं.

पाय परसूनं धरले होते.

मी चुलीतलं लाकूड उपसलं आणि निखाऱ्याकडचं टोक त्याच्या हातांवर दाबलं. तो किंचाळला पण सोडेना. मी दाबतच राहिले. कातडीचा वास आला, सदलग्याला आला होता तसाच. तेव्हा सोडलं. त्याच्या मानेवर आणखी एक घातला, मग तो पळाला. मला थांबवायला आईला मागून मिठी मारावी लागली, कारण मी त्याच्यामागे निघाले होते. त्याला ठार मारायला निघाले होते. हे मी इथं लिहून ठेवते.

मागच्या बोळातून आप्पांना शहापूरच्या स्मशानात नेलं. मडकं मी धरलं, अग्नीही मीच दिला. कुणी काही बोललं नाही. खांदा देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या अंगावर रक्त होतं. ट्रक रिकामा परत गेला.

२ जानेवारी

पोलीस ठाण्यात गेले. फौजदारांनी आधी पाणी दिलं. नवऱ्याचं नाव सांगितलं, ते त्यांनी लिहिलं. पोरांची लिहिली. साहेबांचं नाव घेतलं तेव्हा पेन थांबलं.

"त्यांनी मारलं नाही ना?"

"नाही."

"मारा म्हणाले?"

"नाही."

"मग काय लिहू?"

"ते काय म्हणाले ते लिहा. आधी काय म्हणाले होते तेही लिहा."

"बाई, असं कलम नाही," ते म्हणाले. चेष्टा करत नव्हते. खरंच शोधून पाहिल्यासारखं म्हणाले. मी सही केली. तिथं हेही सांगितलं की परसूचे हात मी भाजले. ते त्यांनी लगेच लिहून घेतलं.

घरी आले तर शेजारच्या टीव्हीवर निपाणी दिसत होती. काल तिथं यात्रा निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. फुलांच्या ट्रकवर झेंड्यात गुंडाळलेली शवपेटी, पेटीवर डोकं टेकून रडणारे साहेब. "एका जवानाच्या बापाचं बलिदान. आता बदला." लोक पेटीवर फुलं टाकत होते, बायका लांबूनच हात जोडून नमस्कार करत होत्या.

आई बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "त्यात कोन हाय गं?"

५ जानेवारी

सौरवचा फोन लागला. कुणाच्या तरी फोनवरून, थोडाच वेळ. मागून धडाम धडाम असे आवाज येत होते. विचारलं तर म्हणाला, "रोजचंच हाय."

आधी आम्ही दोघंही नुसतीच रडलो. मग तो सावरला. म्हणाला, "आक्का, आप्पाची यात्रा बघितलो. हितं मोठ्या पडद्यावर लावली हुती. किती माणसं गं! आमच्या सुभेदारांनी सगळ्यास्नी उभं केलं. आमी समद्यांनी सॅल्यूट ठोकलो. पोरं म्हणाली, तुझ्या बापाचा बदला घिऊ. उद्याच आमी फुडं निघालोय."

मी त्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पोराच्या मनात काही घालू नये असं आईही म्हणाली होती. ती समोरच बसली होती, मान हलवून नको म्हणत होती. पण मी इतके दिवस त्या माइकवर साहेबांनी सांगितलेलंच बोलले होते, आणि हा माझा भाऊ होता.

"सौरव," मी म्हणाले, "त्या पेटीत आप्पा नव्हते. आप्पांना आम्ही आदल्या दिवशी इथं शहापुरात जाळलं. मी अग्नी दिला. त्यांना शत्रूनं मारलं नाही, विरोधकांनीही नाही. साहेबांना त्यांची शपथ विचारली म्हणून साहेबांच्या पोरांनी मारलं. परसूनं मारलं. मी तिथं होते."

मला वाटलं फोन कट झाला. मग मागचे ते आवाज ऐकू आले, आधीपेक्षा जवळ, आणि कुणीतरी त्याच्या नावानं हाका मारत होतं.

"सौरव?"

"मग आक्का," तो हळूच म्हणाला, "मी सॅल्यूट कुणाला ठोकलो?"